माणसाला ठरावाचा विषय करू नका

एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पुण्याहून आलेलं हे पत्र थोडं आटोपशीर करून देते आहे.

‘‘आमच्या चाळीस फ्लॅटच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद यंदा माझ्या गळ्यात पडलं आहे. दुसऱ्या मजल्यावर गेल्या जूनपासून दोन काश्मिरी मुलं भाड्यानं राहतात, कॉलेजात शिकतात. लिफ्ट बंद होती तेव्हा यांनीच माझ्या सासूबाईंना खुर्चीसकट वर आणलं होतं. त्यांच्या बरोबर वरच्या फ्लॅटमधलं जोडपं २२ एप्रिलला पहलगामला होतं. तिथल्या बैसरनच्या कुरणाकडे निघायच्या आतच गोळीबार झाला, म्हणून वाचले. वहिनी परत आल्यापासून झोपत नाहीत. जिन्यात ती मुलं दिसली की त्यांचे हातपाय थरथरतात. आणि त्याच सांगतात, की तिथल्या ड्रायव्हरनं आम्हाला आपल्या घरी ठेवून घेतलं, पैशाला हात लावला नाही. ग्रुपवर मात्र रोज एकच चाललंय, मुलांना बाहेर काढा. कोणी म्हणतं, निदान त्यांच्याकडून निषेधाचं पत्र तरी लिहून घ्या. रविवारी मिटिंग आहे. मला हे पटत नाही. पण बोलले तर ‘तुम्हाला गेलेल्यांचं काहीच नाही’ असं म्हणतील. आणि खरं सांगायचं तर परवा ती मुलं लिफ्टमध्ये होती, तर मीही आत शिरले नाही. जिन्यानं गेले. काय करू?’’
– एक सेक्रेटरी, पुणे

प्रिय ताई,

सगळ्यात आधी एक करा. रविवारच्या विषयपत्रिकेवर या मुलांचा विषय घेऊ नका. घेतला असेल तर अध्यक्षांशी बोलून आजच काढा. आणि तो ‘आयत्या वेळचे विषय’ या दारानं आत येणार हे धरून चाला. ते अध्यक्षांच्या परवानगीनं येतात, त्यामुळे अध्यक्षांच्या घरी आज संध्याकाळी चहाला जा आणि दोघांचं एकमत करून घ्या. तुम्हाला मिटिंगमध्ये भाषण करायचं नाहीये. तो विषय मिटिंगपर्यंत येऊ द्यायचा नाहीये.

असं का सांगते? मिटिंगमध्ये माणूस एकटा नसतो. दारात उभं राहून ‘पोरं बरी आहेत हो, पण भीती वाटते’ असं म्हणणारे गृहस्थ चाळीस जणांसमोर ‘एकालाही ठेवू नका’ म्हणतात. शेजारचा त्यांच्याहून कडक बोललेला असतो आणि त्यांना मवाळ दिसायचं नसतं. एकदा हात वर झाले, इतिवृत्तात नोंद झाली, की नंतर कोणालाच माघार घेता येत नाही. पार्किंगवर मत घ्या, पाण्याच्या टाकीवर घ्या. दोन जितीजागती माणसं इथं राहावीत की नाही, यावर मत घ्यायचं नसतं. ती मुलं जिंकली तरी हरतील. बावीस विरुद्ध अठरा मतांनी राहू दिलेल्या घरात कोणाला झोप लागेल?

आता तुमच्या लोकांच्या रागाबद्दल. त्याला नावं ठेवू नका. बैसरनच्या कुरणात २६ माणसं मारली गेली, धर्म विचारून, बायकामुलांसमोर. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली, डोंबिवलीची तीन, पुण्याची दोन, पनवेलचे एक. तुमच्या शहरात दोन घरांची चूल थंड झाली आहे, आणि ज्यांचं रक्त हे ऐकून तापलं त्यांचं काही चुकलेलं नाही. चुकतोय तो रागाचा पत्ता. ज्यांनी मारलं ते तुमच्या दुसऱ्या मजल्यावर राहत नाहीत, हे सगळ्यांना कळतं. पण ते हाताशी लागत नाहीत आणि ही मुलं रोज जिन्यात भेटतात.

म्हणून रविवारी दुःखाला जागा करून द्या, आणि ती नीट द्या. मिटिंगची सुरुवात श्रद्धांजलीनं करा. एक मिनिट उभं राहून उरकण्यापेक्षा, ज्यांना बोलायचं आहे त्यांना बोलू द्या. कोणी रडेल, कोणी चिडेल, चालेल. आणि श्रद्धांजली वाहताना २६ जणांना वाहा. सव्विसावा होता सय्यद आदिल हुसेन शाह, पर्यटकांना घोड्यावर नेणारा तिथलाच तरुण. पर्यटकांना वाचवायला गेला आणि मारला गेला. त्याचं नाव ठासून घ्यायची किंवा त्यावर काही बोलायची गरज नाही. बाकीच्यांबरोबर घ्या, बस.

वरच्या वहिनींची मला जास्त काळजी वाटते. तुमच्या पत्रात सगळ्यात अवघड जागा त्यांची आहे, आणि सोसायटीत तिचाच वापर सगळ्यात जास्त होणार आहे. ‘वहिनींची अवस्था बघा’ म्हणत लोक त्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवतील. ते होऊ देऊ नका. त्या स्वतः सांगतात की काश्मिरी ड्रायव्हरनं त्यांना घरात घेतलं, आणि त्याच काश्मिरी मुलगा दिसला की थरथरतात. लोकांना यात विसंगती वाटेल. मला वाटत नाही. मन कृतज्ञ आहे आणि शरीर घाबरलेलं आहे, दोन्ही खरं आहे. शरीराला समजूत घालून चालत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो.

त्यांच्याकडे जा, पण ‘काय काय झालं सांगा ना’ असं विचारू नका. येणाऱ्या प्रत्येकानं ते विचारलेलं असणार, आणि दर वेळी त्या पुन्हा त्या डोंगरात जाऊन येत असणार. डबा घेऊन जा. त्या बोलल्या तर ऐका, नाही बोलल्या तर भाजी निवडत बसा. सोसायटीत लग्नाचे, वाढदिवसाचे फटाके उडणार असतील तर त्यांना आधी कळवायची व्यवस्था करा. ही क्षुल्लक गोष्ट नाही, अशा माणसाला अचानक झालेला आवाज फार महागात पडतो. झोपेची तक्रार अशीच चालू राहिली तर डॉक्टरांकडे जायला सांगा. तोवर सरकारची ‘टेली मानस’ सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, फुकट, मराठीतही बोलता येतं. त्यांच्या मिस्टरांनाही विचारा. पुरुष अशा वेळी ‘मी ठीक आहे’ म्हणतात आणि रात्रभर टीव्हीवरच्या बातम्या बघत बसतात.

आणि एक, त्यांना मुलांशी जबरदस्तीनं भेटवू नका. कोणीतरी उत्साहानं म्हणेल, समोरासमोर आणू, गैरसमज दूर होतील. गैरसमज नाहीचये काही. वहिनींची भीती त्या मुलांबद्दल नाही, त्या मुलांवर ती येऊन पडते एवढंच. त्यांना ज्या दिवशी जमेल त्या दिवशी त्या स्वतः बोलतील.

आता निषेधाच्या पत्राचं. हे ज्यांनी सुचवलं त्यांना तो मधला मार्ग वाटत असेल. मला तो बाहेर काढण्यापेक्षाही वाईट वाटतो, कारण त्यात मुलांना आयुष्यभर पुरेल असा अपमान आहे. विशीच्या पोरांनी सही करून द्यायची, की निरपराध माणसांना मारणं वाईट असतं? तुमच्या-माझ्या मुलाकडून असं कोणी लिहून घेतलं तर? हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, २३ एप्रिलला, काश्मीर खोऱ्यानं कडकडीत बंद पाळला. मशिदींच्या भोंग्यांवरून या हत्यांचा धिक्कार झाला, लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले, तिथल्या वर्तमानपत्रांनी पहिलं पान काळं छापलं. टॅक्सीवाल्यांनी पर्यटकांना पैसे न घेता विमानतळावर सोडलं. निषेध झालेला आहे, ताई. तो पुन्हा दुसऱ्या मजल्यावरून लेखी मागायला नको.

२६/११ नंतर मुंबईत काय झालं तेही मिटिंगआधी दोघा-चौघांना आठवण करून द्या. मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांचे देह दफन करायला मुंबईतल्या मुस्लिम समाजानं साफ नकार दिला. मरीन लाइन्सच्या बड्या कबरस्तानानं जागा दिली नाही. वर्षाहून जास्त काळ ते देह जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होते. ज्यांनी जागा नाकारली त्यांच्याकडे कोणी पत्र मागायला गेलं नव्हतं.

मी १९९३ साली माटुंग्याला राहत होते. जानेवारीतली ती दंगल. आमच्या इमारतीच्या जिन्यापाशी लाकडी पाटी होती, पांढऱ्या रंगात सगळ्या बिऱ्हाडांची नावं लिहिलेली. चाळीस वर्षांत तिला कोणी हात लावला नव्हता. एका सकाळी ती नव्हती. भिंतीवर तेवढाच चौकोन उजळ, चार कोपऱ्यांना स्क्रूची भोकं. दोन नावं होती तिच्यावर, जी बाहेरून येणाऱ्या जमावानं वाचायला नको होती. तळमजल्यावरच्या एका काकांनी ती रात्री उतरवून घरात पलंगाखाली ठेवली होती. हे गृहस्थ बँकेत कारकून, कधी कोणाच्या अध्यातमध्यात नसायचे, राजकारणावर बोलायचे नाहीत, आणि मला पक्कं आठवतंय, मुसलमानांबद्दल फार काही चांगलंही बोलायचे नाहीत. कोणी विचारलं तर म्हणाले, पुसायला काढलीय. पुढं कित्येक आठवडे ती पाटी पुसायला काढलेलीच होती. त्यांनी ना मिटिंग घेतली, ना कोणाला पटवलं. मला वाटतं, मिटिंग घेतली असती तर पाटी भिंतीवरच राहिली असती.

या काकांचं उदाहरण एवढ्यासाठी देते की तुम्हाला तुमच्या चाळीस घरांची मतं बदलायची नाहीत. ती बदलणारही नाहीत रविवारपर्यंत. काश्मीरबद्दल कोणाला काय वाटतं ते वाटू द्या. तुम्हाला फक्त एवढं हवंय, की त्यांच्या हातून वाईट कृती घडू नये. हे काम मतपरिवर्तनापेक्षा खूप सोपं आहे, आणि सध्या तेच महत्त्वाचं आहे.

कसं करायचं, ते आपल्याकडे एका माणसानं करून दाखवलं आहे. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे १९८८ साली तिथं उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवलं, दोन्ही समाजांतली साधी माणसं घेतली. पोलिसांसकट नियमानं एकत्र बसायचं, नळाचं, कचऱ्याचं, भांडणांचं बोलायचं. दंगल नसताना. मग डिसेंबर १९९२ मध्ये सगळी मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. अफवा आली की खरंखोटं कोणाला विचारायचं हे लोकांना माहीत होतं, त्या माणसाचा चेहरा ओळखीचा होता. पुढं मुंबईतही निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी यांच्या प्रयत्नांतून अशा कमिट्या झाल्या.

तुमच्या सोसायटीत यातलं काय जमण्यासारखं आहे? अफवेचं जमेल. ग्रुपची सेटिंग बदला, काही दिवस फक्त अ‍ॅडमिन मेसेज टाकतील असं करा. ‘पाणीपुरवठ्याच्या सूचना हरवताहेत’ हे कारण पुरेसं आहे आणि ते खरंही असणार. मग ज्यांच्या मनात काही शंका आहे त्यांना सांगा, माझ्याकडे या. ‘रात्री उशिरा दिवा चालू असतो’, ‘कोणीतरी पार्सल घेऊन आलं होतं’ असल्या गोष्टी तुमच्या दिवाणखान्यात सांगताना माणसाला स्वतःलाच त्या पोकळ वाटायला लागतात. परीक्षेच्या दिवसांत कुठल्या विद्यार्थ्याचा दिवा रात्री चालू नसतो? आणि खरोखरच काही संशयास्पद असेल तर पोलीस चौकी आहे. ते काम चौकीचं, ग्रुपचं नाही.

नियमांचीही बाजू घ्या, ती तुमच्या बाजूची आहे. भाडेकरू ठेवायला सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही, सोसायटीला कळवावं लागतं. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला हवा, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिलेली हवी. कोणी प्रांतावरून किंवा धर्मावरून ‘काढा’ असा ठराव केला तर तो कायद्यापुढं उभा राहणार नाही, आणि सही तुमची असेल. रविवारी हा मुद्दा असा मांडा: सोसायटीतल्या सगळ्या भाडेकरूंचे करार आणि पोलिसांना दिलेल्या माहितीच्या प्रती महिनाअखेरपर्यंत ऑफिसात जमा व्हाव्यात. सगळ्या. आयटीवाल्यांच्या, नागपूरच्या, बंगालच्या, तुमच्या भाच्याच्यासुद्धा. ज्यांना खरोखर सुरक्षिततेची काळजी आहे त्यांचं समाधान यानं होईल. ज्यांचं होणार नाही, त्यांना सुरक्षितता नको होती, एवढं तुम्हाला कळेल.

एक गोष्ट मात्र टाळा. सासूबाईंना खुर्चीसकट वर आणल्याची हकीकत पुरावा म्हणून वापरू नका. मोह होईल, मला माहीत आहे. पण मग असा अर्थ निघतो, की ही मुलं उपयोगी पडली म्हणून राहू द्यायची. उद्या येणाऱ्या एखाद्या घुम्या, तोंड वर न करणाऱ्या मुलानं काय करायचं? भाडं भरतो, करार पाळतो, कोणाला त्रास देत नाही, एवढ्यावर त्याला दारामागं निर्धास्त झोपता आलं पाहिजे. आपलीही माणसं परक्या मुलखात अशीच राहतात. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, १५ सप्टेंबर २००१ ला, अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोधी या पंजाबी गृहस्थांना त्यांच्याच पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घातल्या. डोक्यावर पगडी होती, एवढाच गुन्हा. तुमच्या सोसायटीतही किती घरांतली मुलं अमेरिकेत असतील. त्यांच्या आईवडिलांना हे सांगायला लागणार नाही.

‘तुम्हाला गेलेल्यांचं काही नाही’ असं म्हणतील ही तुमची भीती खोटी नाही. म्हणतील. या हल्ल्यात लग्नानंतर सहाच दिवसांत नवरा गमावलेली नौदल अधिकाऱ्याची पत्नी तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. १ मे रोजी, त्याच्या वाढदिवशी, कर्नालच्या रक्तदान शिबिरात ती म्हणाली की लोकांनी मुस्लिमांच्या किंवा काश्मिरींच्या मागे लागू नये, आम्हाला शांतता हवी आहे. आणि न्यायही हवा आहे, हेही तिनं म्हटलं. त्यावर तिला इतक्या घाणेरड्या शिव्या पडल्या की राष्ट्रीय महिला आयोगाला बोलावं लागलं. जिनं सगळं गमावलं तिला जर लोक ऐकवतात, तर तुम्हालाही ऐकवतील. कोणी म्हणालंच तर वाद घालू नका. ‘मी वहिनींकडे रोज जाते, तुम्हीही चला’ एवढं म्हणा. तुम्ही खरंच रोज जात असाल, तर यापुढं कोणाला फार बोलता येणार नाही.

लिफ्टचं तुम्ही लिहिलंत, त्यावरून स्वतःला खात बसू नका. घाबरलात, जिन्यानं गेलात, ठीक आहे. पण त्या मुलांनी ते पाहिलं असणार. या दिवसांत ती कोण कुठं थांबतं, कोण नजर चुकवतं, हे सगळं बघत असतात. देशात ठिकठिकाणी काश्मिरी विद्यार्थ्यांना धमक्या आल्या, काहींना मारहाण झाली, हे त्यांच्या फोनवर येतंय आणि घरून आई रोज ‘परत ये’ म्हणत असणार. तेव्हा आज त्यांच्या दाराची बेल वाजवा. माफी मागायची किंवा काश्मीरवर बोलायची काही गरज नाही. जेवणाचं काय करता, मेस चालू आहे का, परीक्षा कधी आहे, विचारा. तुमचा नंबर द्या आणि सांगा, रात्री कितीही वाजता काही वाटलं तर आधी मला फोन करायचा. वहिनींबद्दलही त्यांना सांगा, सरळ शब्दांत: त्या तिथून आल्यात, घाबरलेल्या आहेत, तुमच्यावर राग नाही. काही दिवस जिन्यात त्या दिसल्या तर थोडं मागं थांबा. हे त्यांना समजेल. आपल्या माणसांना घाबरलेलं पाहत ती लहानाची मोठी झाली आहेत. एकटं वाटत असेल तर पुण्यात संजय नहार यांची ‘सरहद’ संस्था आहे, काश्मिरी मुलांच्या शिक्षणासाठी तिनं कितीतरी वर्षं काम केलं आहे. तिथं त्यांना आपली माणसं भेटतील.

राहता राहिले फ्लॅटचे मालक. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही, आणि मला तीच कच्ची बाजू वाटते. सोसायटीनं काही न करताही कोणीतरी त्यांना परस्पर फोन करून घाबरवेल, आणि ते मुलांना महिन्याची मुदत देऊन मोकळे होतील. तो फोन जायच्या आत तुमचा जाऊ द्या. सेक्रेटरी म्हणून सांगा, की कागदपत्रं व्यवस्थित आहेत, मुलांबद्दल एकही तक्रार नाही, आणि कमिटीनं काहीही ठरवलेलं नाही. दुसऱ्या कोणी वेगळं सांगितलं तर मला विचारा, म्हणा. हे व्हॉट्सॲपवर लेखीही पाठवून ठेवा. रविवारी काय झालं ते मला जरूर कळवा, आणि वहिनींची झोप कशी आहे तेही.